आधी वरची खोली दाखवा

काजळीमामांना मी पहिल्याच दिवशी घराबाहेर काढणार होते, आणि त्याला कारणही तसंच होतं. त्यांना बोलावलं होतं बैठकीतली शेगडी बघायला. ही शेगडी म्हणजे जुन्या पद्धतीची, भिंतीत बांधलेली, विटांची, पुढून उघडी, आणि वर थेट छपरापर्यंत धुराडं गेलेली. बैठकीत पाऊल टाकलं की समोर तीच दिसते, शोधावी लागत नाही. आणि हे गृहस्थ तिच्याकडे ढुंकूनही न बघता जिन्याकडे बघत म्हणाले, "बाई, आधी वरची खोली दाखवा. तिथे कोण झोपतं?"

वर मी झोपते. वय अडुसष्ट, लग्न केलं नाही, सदतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. माझ्या खोलीत मी सख्ख्या भावालाही कधी विनाकारण येऊ दिलं नव्हतं. मी म्हटलं, "शेगडी खाली आहे."

"शेगडी कुठे पळून जात नाही," ते म्हणाले.

माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. ताई मात्र खुर्चीतून म्हणाली, "अगं दाखव की. सोनं पुरलंयस का तिथे?"

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. गुडघ्यांनी तिला कधीच रामराम ठोकला आहे, त्यामुळे ती खालीच राहते आणि खालूनच सगळ्या घरावर राज्य करते. थंडी तिला सोसत नाही. शेगडीला लाकडं आणायची मी, राख काढायची मी, आणि "आज नीट पेटली नाही" हे म्हणायचं तिने, असं बरीच वर्षं चाललं. शेवटी माझी पाठ धरली तेव्हा ठरलं की याच शेगडीत गॅस घ्यायचा. ज्याला विचारावं तो म्हणे, मामांना बोलवा, त्यांच्यासारखं काम कोणी करत नाही. आणि लगेच आवाज खाली आणून म्हणे, फक्त ते घरभर फिरतात, तेवढं सांभाळून घ्या.

मामा एकटे आले नव्हते. बरोबर त्यांची लेक होती, चाळिशीतली, कमी बोलणारी, केस घट्ट बांधलेली. मामा गवंडी. वीट, चुना, धुराडं हे त्यांच्याकडे. गॅसची नळी, ज्योत आणि ते हातात धरून हवा मोजायचं मीटर हे लेकीकडे. गाडीही तीच चालवायची. मामा शेजारी बसायचे आणि वळणावळणावर तिला वळण सांगायचे, आणि ती ज्या शांतपणे ते ऐकून घ्यायची ते बघून मला माझ्या वर्गातल्या दोन-तीन मुली आठवायच्या.

वरची खोली मी दाखवली नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, आणि काम खालून सुरू झालं.

माणूस कामाला सोनं होता, ते मला पहिल्या आठवड्यातच कबूल करावं लागलं. धुराड्यातून त्यांनी एवढी काजळी काढली की पोत्यांची रांग लागली. मग आरसा आणि दिवा घेऊन शेगडीत आडवे झाले आणि दोन तास आडवेच राहिले. ताईला वाटलं झोप लागली. बाहेर आले ते मोजूनच आले. कुठे वीट हलली आहे, कुठे आतला लेप सुटला आहे, कुठे पक्ष्याने घरटं केलं आहे, सगळं तोंडपाठ. सुटलेली एकेक वीट त्यांनी काढून पुन्हा बसवली. मी उभी राहून चुका शोधत होते, ती माझी सवयच आहे. मला एकही सापडली नाही.

चहाच्या वेळी ताई त्यांना बोलतं करायची. तिला माणसाच्या पोटात शिरायची कला आहे. त्यातून जे कळलं ते असं. मामांचे वडीलही गवंडी. बायको लवकर गेली, लेक तेव्हा चार वर्षांची. तिच्या वेण्या मामाच घालायचे, आणि नखांतली काजळी कितीही घासली तरी जायची नाही, म्हणून शाळेत तिच्या रिबिनी कधी पांढऱ्या राहिल्या नाहीत. लेक हे ऐकताना हसली. मी तिला तेव्हा पहिल्यांदा हसताना पाहिलं.

आणि त्यांचं नाक. हे मला गावातल्या चौघांनी आधीच सांगितलं होतं. तरुणपणी मामा रस्त्याने जाता जाता सांगायचे, या घरात लाकूड ओलं आहे, त्या घरात कोणीतरी रंगवलेली फळी जाळतंय, त्या टोकाच्या घराचं धुराडं तुंबत आलंय, महिन्याभरात खोलीत धूर येईल. आणि यायचा. लोक मुद्दाम त्यांची परीक्षा घ्यायचे. त्यांना त्याचा अभिमान होता, का नसावा?

"अजून तेवढंच चालतं का नाक?" ताईने विचारलं.

"चालतं," मामा म्हणाले. "पण आता मी त्याचं ऐकत नाही."

त्यांनी कप खाली ठेवला आणि ते कामाला लागले. लेक त्यांच्या पाठीकडे बघत राहिली.

ताईने बाकीची माहिती दूधवाल्याकडून काढली. लेकीचं लग्न होऊन चार वर्षं झाली असतील, तेव्हा तिचा नवरा झोपेतच गेला. हृदय, डॉक्टर म्हणाले. त्याच्या वडिलांनाही तेच होतं, त्यामुळे कोणी पुढे काही विचारलं नाही. त्या संध्याकाळी त्याचं डोकं दुखत होतं. सासूला ताप होता, म्हणून ही खाली सासूजवळ झोपली, त्याला गोळी देऊन आणि खोलीचं दार लावून. सकाळी चहा घेऊन वर गेली. सासू त्यानंतर हिच्याशी एक अक्षर बोलली नाही. डॉक्टरला बोलवायचं सोडून गोळी देऊन आलीस, एवढं एकदा म्हणाली, ते शेवटचं. दोन महिन्यांत ही माहेरी आली. मामांनी तिला गॅसचं काम शिकायला पाठवलं. लोकांना नवल वाटलं, कारण मामा स्वतः एरवी गॅसला नावं ठेवत असत. या गोष्टीला अकरा वर्षं झाली होती.

आमचं वाजलं ते झडपेवरून. धुराड्याच्या घशाशी एक लोखंडी झडप असते. शेगडी विझली की ती बंद करायची, म्हणजे घरातली ऊब वर निघून जात नाही. मामा ती काढून टाकायला निघाले. मी म्हटलं, चांगली झडप आहे, राहू द्या, कामाला येईल. मामांनी मला खाली बसवलं, अक्षरशः स्टूल पुढे करून, आणि मी मुलांना शिकवायचे तसं मला शिकवलं.

"झडप असली की कोणीतरी एक दिवस ती बंद करतं. लाकूड असलं तर लगेच खोलीत धूर भरतो. डोळे चुरचुरतात, खोकला येतो, माणूस शिव्या देत बाहेर पळतो. धूर भला असतो, बाई. तो सांगून येतो. गॅस जळून जे उरतं ते दिसत नाही. त्याला वास नाही. खोकला येत नाही. डोकं जरा जड होतं. माणसाला वाटतं थकलो, आणि तो झोपतो."

"मग वर ही स्टीलची नळी?" मी विचारलं. छपरावरून शेगडीपर्यंत धुराड्याच्या आतून सोडायची लांबलचक नळी अंगणात गुंडाळी करून पडली होती.

"धुराडं लाकडासाठी बांधलंय. मोठं आहे, थंड आहे. गॅसची ज्योत छोटी. तिची हवा वर जाता जाता गार पडते, आणि गार पडली की तिला वर जायचा कंटाळा येतो. मग ती वाट शोधते. जिथे भेग असेल तिथून, जिथे भोक असेल तिथून. म्हणून तिला तिची स्वतःची नळी द्यायची." आणि तिथेच, न थांबता, ते म्हणाले, "म्हणून म्हणतो, वरची खोली दाखवा."

मी पुन्हा नाही म्हटलं. आता खरं तर मला पटलं होतं, पण दोनदा नाही म्हटल्यावर हो म्हणणं मला जमत नाही. मामांनी वाद घातला नाही. "मग नळी टाकणार नाही," असं म्हणून त्यांनी थापी धुतली, शिडी गाडीवर बांधली आणि निघाले. जाऊ देत, मी म्हटलं. ताईने मला संध्याकाळभर जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच फोन केला.

ते आले आणि सरळ वर गेले. माझ्या पलंगाकडे, पुस्तकांकडे, दोरीवरच्या कपड्यांकडे त्यांनी बघितलं नाही. भिंतीला कान लावून बोटाच्या पेराने वाजवत सरकत गेले, आणि आईच्या जाडजूड कपाटापाशी थांबले. "हे हलवायचं," म्हणाले. ते कपाट तीस वर्षांत जागचं हललं नव्हतं. बाप-लेकीने ते रेटत रेटत खोलीबाहेर न्यायला घेतलं, आणि ते अडकलं ते नेमकं दारात. मी आत, ते दोघंही आत. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं ते ऐकायला मी तिथे थांबले नव्हते, अडकले होते.

कपाटामागे फुलाफुलांचा जुना भिंतीचा कागद होता. मामांनी पात्याने तो कापला. आत ताटलीएवढं पत्र्याचं झाकण, गंजलेलं, आणि त्याच्या कडेने काळी रेघ. लेकीने झाकण उचकटलं. पलीकडे धुराड्याची पोकळी होती. गार हवा माझ्या तोंडावर आली.

"पूर्वी वरच्या खोलीत छोटी लोखंडी शेगडी असायची," लेक मला म्हणाली. "तिची नळी या भोकातून धुराड्यात जायची. शेगडी गेली, भोक राहिलं. लोक वर पत्रा ठोकतात, कागद चिकटवतात आणि विसरतात." तिने काळ्या रेघेवरून बोट फिरवलं आणि बापाकडे वळली. तिचा आवाज कौतुकाचा होता. "बाबा, इथेच असणार हे तुम्हाला कसं कळलं?"

मामा माझ्या पलंगावर बसले. न विचारता बसले. थोडा वेळ ते आपल्या हातांकडे बघत होते.

"तुझ्या खोलीतही होतं," ते म्हणाले.

"माझ्या कुठल्या खोलीत?"

"तुझ्या सासरी. वरच्या."

मामांनी सांगितलं, आणि एकदा सुरू केल्यावर थांबले नाहीत. जावयाच्या घरची शेगडी त्यांनीच गॅसची करून दिली होती, लेकीला लाकडं वाहायला लागू नयेत म्हणून. नळी टाकली नव्हती. तेव्हा कोणी टाकत नसे, आणि धुराडं लाकडाचा धूर छान ओढत होतं, मग गॅसचं काय मोठं. शेगडी पेटवली आणि वास घेत घरभर फिरले. बैठक, सैपाकघर, सासूबाईंची मागची खोली. जिन्यापाशी आले आणि थांबले. वर लेक-जावयाची खोली. बापाने तिथे कशाला डोकवायचं? जिन्याच्या पायथ्याशी उभे राहून त्यांनी वर नाक केलं. काही वास आला नाही. येणारच नव्हता. आठ दिवसांनी जावई गेला. तो गेल्याच्या पाचव्या दिवशी, घरात सगळे बसलेले असताना, मामा एकटे वर गेले, पलंग सरकवला आणि त्यांना ते भोक दिसलं. त्याच आठवड्यात त्यांनी नळी टाकली, भोक विटांनी बुजवलं, वर कागद लावला आणि कोणाला काही बोलले नाहीत.

लेक भिंतीला टेकून उभी होती. तिने विचारलं ते मला अजून ऐकू येतं, कारण तिने ते कामाच्या आवाजात विचारलं.

"पलंगाच्या कुठल्या बाजूला?"

"डोक्याशी. त्याच्या बाजूला."

"किती उंचीवर?"

"उशीच्या वर. वीतभर."

"कागद फाटला होता?"

"कडेने सुटला होता."

ती मग म्हणाली, "मी तुम्हाला वर बोलावलं होतं."

"हो."

"जिन्यात उभी राहून बोलावलं होतं. या ना बाबा, पडदे बघा, म्हटलं. तुम्ही म्हणालात, राहू दे, इथूनच कळतं मला."

"हो."

"पाचव्या दिवशी तुम्ही शेगडीचं काम काढलंत, तेव्हा मला वाटलं दुःखात हाताला काहीतरी हवं म्हणून करताय. मी तुम्हाला वर चहा आणून दिला होता."

मामांनी मान हलवली.

"मी त्यांना गोळी दिली आणि दार लावून घेतलं. झोप मोडू नये म्हणून अगदी हळू लावलं. अकरा वर्षं मी ते दार लावतेय, बाबा. तुम्ही शेजारी बसून बघत होतात."

मला त्यांचा राग आला. असा राग मला माझ्या उभ्या आयुष्यात दोन-तीनदाच आला असेल, आणि तो अजूनही पूर्ण गेलेला नाही. म्हातारा माणूस होता, रडत होता, तरीही आला.

"का नाही सांगितलंत?" तिने विचारलं.

"तू निघून गेली असतीस."

तिने खिशातून फडकं काढून बोटाची काजळी पुसली, नीट, एकेक पेर. मग म्हणाली, "सासूबाई आहेत अजून. आज जायचं. तुम्ही सांगायचं, माझ्यासमोर."

"आज नळी..."

"नळी राहू दे." मग ती माझ्याकडे वळली. "बाई, मी सांगेपर्यंत शेगडी पेटवायची नाही. लाकडानेसुद्धा नाही. ताईंना दोन दिवस जास्तीचं पांघरूण द्या."

कपाट दारातून काढायला तिघांनीही जोर लावला. गाडी गेली तेव्हा मी खिडकीत होते. कोपऱ्यावरच्या वळणाला मामांनी हात केला नाही, वळण सांगितलं नाही. ती आपली आपण वळली.

चार दिवसांनी मामा बसने एकटेच आले, हातात विटांची पिशवी. मी काही न विचारता त्यांना वर जाऊ दिलं आणि मागोमाग गेले. ताईने खालून तीनदा हाक मारली, मी ओ दिली नाही. ते भोकासमोर गुडघ्यांवर बसले आणि चुना कालवू लागले.

"काय झालं?" मी विचारलं.

सासूबाई दारात उभ्या राहूनच सगळं ऐकत होत्या, ते म्हणाले. आत या म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. मामांनी सगळं सांगितलं, भोक, नळी, पाचवा दिवस. सगळं झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, त्याला कळलं का काही? मामा म्हणाले, नाही, झोपेतच. त्यांनी विचारलं, आणि डोकं दुखत होतं ते? मामा म्हणाले, त्यानेच. आदल्या रात्रीपासून थोडं थोडं येत असणार. म्हणजे गोळीने काही झालं नाही, त्या म्हणाल्या. मामा म्हणाले, नाही. गोळीने नाही, दार लावल्याने नाही. ही त्या रात्री खाली झोपली नसती, तर कदाचित त्याच्याबरोबर ही पण गेली असती.

"मग त्या लेकीकडे वळल्या," मामा म्हणाले. "तिच्याकडे बघत होत्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा बघत होत्या. मग मला म्हणाल्या, तुम्ही निघा आता. ही राहील."

"आणि ती?"

"राहिली. गॅसचं तुमचं काम ती करेल, तिकडूनच येईल. शुक्रवारी म्हणालीये." त्यांनी एक वीट भोकात बसवली, थापीच्या दांड्याने हलकी ठोकली, बाजूचा चुना निपटून काढला. "तिने आपण होऊन फोन केला नाही. मीच केला, कामासाठी."

मी आयुष्यभर मुलांच्या चुकांवर लाल खुणा केल्या, पण ही चूक कुठे सुरू झाली आणि कुठे संपली ते मला सांगता येईना. शेवटी मी म्हटलं, "त्यांनी तुम्हाला असं दारातूनच परत पाठवायला नको होतं."

"बरोबर केलं त्यांनी," मामा म्हणाले आणि पुढची वीट उचलली. "ती त्यांची सून होती, बाई. मी ठेवून घेतली."